जयसिंगपूरच्या मांडवात गॅमा किरणांचा स्फोट

कोल्हापूरला जाऊन आले म्हटल्यावर पुण्यात प्रत्येकाने मला एकच विचारलं, "पांढरा रस्सा प्यायलात का?" प्यायले. तीन वाट्या. पण परत आल्यापासून भेटेल त्याचा हात धरून मी जी हकीकत सांगत सुटले आहे, ती रश्श्याची नाही. ती एका लग्नाची आहे. त्या लग्नात मी ना मुलीकडची होते, ना मुलाकडची. आणि ती एका स्फोटाची आहे. तो झाला अब्जावधी वर्षांपूर्वी, आणि आम्हाला कळला मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी साडेनऊला.

ज्यांना या विषयाची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. मी मूळची नागपूरची, पुण्यात एका संशोधन संस्थेत काम करते. आभाळात कुठेतरी, कधीतरी, गॅमा किरणांचा एक प्रचंड झोत उसळतो आणि विझून जातो. आपलं वातावरण हे किरण खाली येऊ देत नाही. आपण जिवंत आहोत ते त्यामुळेच, पण त्यामुळे ते पाहायला दुर्बीण पृथ्वीबाहेर न्यावी लागते. नव्वदच्या दशकात एका उपग्रहाने असे स्फोट हजारांनी नोंदवले. काही दोन सेकंदांहून जास्त टिकणारे, काही त्याहून कमी. जास्त टिकणारे म्हणजे अवाढव्य ताऱ्यांचं मरण, हे हळूहळू कळत गेलं. छोट्यांचं मात्र कोडंच राहिलं, कारण ते कुठून आले हे समजायच्या आतच संपायचे. मी बी.एस्सी.ला असताना, सत्त्याण्णव साली, हे एका मासिकात वाचलं आणि तेव्हापासून मी या छोट्या स्फोटांच्या नादी लागले.

दोन हजार चारच्या अखेरीस नवा उपग्रह वर गेला. स्फोट दिसला की तो आपणहून मान वळवतो, मिनिटभरात तिकडे तोंड करतो आणि आमच्यासारख्यांच्या मोबाइलवर पत्ता धाडतो. मग जमिनीवरच्या दुर्बिणींनी तिथे मागे राहिलेली धुगधुगी शोधायची. अशा वेळी हिमालयातल्या दुर्बिणीवर फोन करून, दुसऱ्या कुणाचं चाललेलं काम थांबवून, "आमच्याकडे बघा" म्हणायची मुभा आमच्या गटाला होती. पण वर्षातून दोनदाच. त्यातली एक संधी मी मार्चमध्ये वाया घालवली होती. छोटा समजून मी ज्याच्यामागे धावले तो चांगला लांबलचक स्फोट निघाला. ज्याचं काम मी थांबवलं होतं तो वेंकट, चेन्नईचा. त्याने मला एक कोरा मेल पाठवला. विषयाच्या जागी फक्त "धन्यवाद".

म्हणजे आता एकच संधी शिल्लक होती. आणि आमच्या गटाचे प्रमुख सर परदेशाच्या विमानात, जोडीची सुमेधा बाळंतपणाच्या रजेवर, आणि मी कोल्हापूरला.

रविवार, गडमुडशिंगी

मला बोलावलं होतं महादेव कांबळे सरांनी. ते माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. सुट्टीत त्यांनी जयसिंगपूरला विज्ञान शिक्षकांसाठी दोन दिवसांचा वर्ग ठेवला होता, आणि माझा मुक्काम गडमुडशिंगीला त्यांच्याच घरी होता.

दारात त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी उभ्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "आलासा? मी सकाळपासनं वाट बघायलोय की!"

मी मागे वळून पाहिलं. वाट बघणारा पुरुष कोण, तो मला दिसेना. मग लक्षात आलं, इथे बायकाही स्वतःबद्दल "आलो, गेलो, बसलो"च म्हणतात. आमच्या नागपुरात "काय करून राहिली" म्हटलं की पुणेकर हसतात. इथे दोन तासांत मीही "जेवलो" म्हणायला लागले, आणि काय सांगू, "जेवले"पेक्षा "जेवलो"मध्ये पोट जास्त भरल्यासारखं वाटतं.

आमचं सावजी खाताना पहिला घास जिभेला चटका देतो आणि माणूस गप्प होतो. इथला तांबडा रस्सा तसा नाही. तो आधी गोड बोलतो, घाम नंतर फोडतो. मध्ये मध्ये पांढरा प्यायचा म्हणजे समजूत निघते. वहिनी आरोग्य केंद्रात नर्स आहेत. माझं लाल झालेलं नाक त्यांनी तज्ज्ञाच्या नजरेने तपासलं आणि म्हणाल्या, "काय न्हाय हुत. घ्या अजून."

जेवणानंतर त्यांनी विचारलं, "ह्ये किरण आरशानं पकडता येत न्हाईत म्हणे. मग तुमची दुर्बीण बघती कशी?"

मी बुंदीचा झारा मागितला. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तो धरला. भिंतीवर ठिपके पडले. झारा तसाच ठेवला आणि ऊन सरकलं की ठिपकेही सरकतात, म्हणजे ठिपके कुठे पडले यावरून ऊन कुठून आलं ते सांगता येतं. उपग्रहावर असाच एक छिद्रांचा पत्रा असतो, त्याची सावली खालच्या यंत्रावर पडते.

"पण ह्याची भोकं एकसारखी हाईत," वहिनी म्हणाल्या. "एका रांगेतली सावली दुसऱ्या रांगेवर बसली तर चकवा हुईल की."

हे कळायला मला एम.एस्सी.चं अख्खं वर्ष लागलं होतं. "म्हणूनच वेडीवाकडी पाडतात," मी म्हटलं. त्यावर सरांनी लगेच तेलाच्या डब्याचं झाकण, खिळा आणि हातोडी आणली, आणि आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत अंगणात बसून वेडीवाकडी भोकं पाडत होतो. शेजारीपाजारी येऊन विचारून गेले, कुणाचं काय बिघडलंय.

सोमवार, जयसिंगपूर

वर्ग नऊला सुरू झाला आणि नऊलाच लाइट गेली. भारनियमन, ते थेट तीनपर्यंत. चाळीस शिक्षक वह्यांनी वारा घेत बसले होते. मी कालचं भोकांचं झाकण उन्हात धरून सांगत होते की छोट्या स्फोटाचा नेमका पत्ता आजवर कोणालाही मिळालेला नाही. इतक्यात टेबलावरचा माझा मोबाइल थरथरत कडेपर्यंत चालत गेला आणि खाली पडला. बॅटरी एका बाकाखाली, मोबाइलची पाठ दुसऱ्या. दोन शिक्षकांनी रांगत शोधून दिलं. मी तो जोडला, चालू केला.

उपग्रहाचा संदेश होता. आभाळातल्या एका जागेचे आकडे, आणि बस्स. किती वेळ टिकला ते संदेशात नसतं, ते मागून इंटरनेटवर येतं.

"मॅडम, चेहरा का असा झालाय?" कांबळे सर जवळ आले.

"सर, मला नेट पाहिजे. आत्ता."

पुण्याला ऑफिसात फोन लावला. सुट्टीच्या दिवसांत तिथे एक शिपाईकाका. ते म्हणाले, "मॅडम, इथंही लाइट नाही." तेवढ्यात माझ्या मोबाइलचीही बॅटरी संपली.

अमेरिकेत तेव्हा रात्र होती. तिकडचे लोक दुर्बिणी वळवून बसलेही असणार. पण काही तासांत तिकडे उजाडलं की पुढची रात्र आपल्या बाजूची. आपल्याकडची दुर्बीण वळवायची तर दुपारच्या आत सांगायला हवं, कारण निरीक्षणाची आखणी तेव्हाच होते. आणि स्फोट छोटा आहे याची खात्री नसताना मागणी केली आणि पुन्हा मार्चसारखं झालं तर? मला वेंकटचा कोरा मेल डोळ्यांसमोर दिसत होता.

सर मला बाजारपेठेतल्या नेट कॅफेवर घेऊन गेले. शटर बंद, त्यावर खडूने लिहिलेलं: "भाचीच्या लग्नाला. बसवराज."

"कुठलं लग्न?" मी शेजारच्या भुसार दुकानदाराला विचारलं.

"त्ये काय, ऐकू येतंय की," तो म्हणाला. खरंच, मागच्या गल्लीत बँड वाजत होता आणि त्याच्या जोडीला एक जनरेटर धडधडत होता.

जनरेटर! मी धावतच सुटले.

मांडवाच्या तोंडाशी अत्तर लावणाऱ्या बाईंनी माझा हात धरला. "या पावणं. मुलीकडचं का मुलाकडचं?"

"कुणाकडचीच नाही. बसवराज कुठे आहेत?"

बसवराज म्हणजे नवरीचे मामा. नवा झब्बा, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, हातात केळ्यांचा घड. कांबळे सरांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बसवराजनी घड खाली ठेवला. "जनरेटर हितं हाय, फोन घरात हाय. मग कॉम्प्युटर तिथं कशाला बसलाय? हितंच आणू की!"

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. मांडवाची फुलं उतरवलेल्या हातगाडीवर कॉम्प्युटर चढला. मॉनिटर केवढा तरी थोरला, तो बसवराजनी स्वतः मिठी मारून धरलेला. कीबोर्ड कांबळे सरांच्या खांद्यावर. आणि बाजारपेठेच्या कोपऱ्यावर आम्ही नेमके नवरदेवाच्या मिरवणुकीत सापडलो. पुढे बँड, मागे घोडा, मध्ये आमची हातगाडी. बाजूला व्हायला जागा नव्हती. एका आजोबांनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं. बायका कुजबुजल्या, "आहेर बघा कसला जंगी दिलाय!" नवरदेवाने घोड्यावरून मोठ्या आशेने आमच्याकडे पाहिलं. त्याची निराशा करायचं धाडस माझ्याने झालं नाही, मी हसून मान हलवली. एव्हाना मला हसू आवरतच नव्हतं.

मांडवात आहेराच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला. घरातून फोनची वायर ओढली. बसवराजनी बटण दाबलं आणि जनरेटर धप्पकन बंद पडला. पंखे थांबले. माइक गेला. तीन-चारशे माणसं एकदम आमच्याकडे वळली.

गर्दीतून एक उंच बाई आल्या. हिरवी इरकल साडी, हातभर बांगड्या. नवरीची आई, बसवराजची थोरली बहीण. सगळे त्यांना गौराक्का म्हणत. भावाला त्या भराभरा कन्नडात काहीतरी बोलल्या, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण सूर पुरेसा होता. मग माझ्याकडे वळल्या. "कोन वो तुमी? आनि लाइट कशाला घालवलासा?"

जनरेटरवाला म्हणाला, "अक्का, पंखं, माईक आनि ह्यो डबा, समदं एकदम न्हाय ओढायचं. कायतरी एक बंद करा."

"अक्का, धा मिनिटं," बसवराज म्हणाले. "लगीन काय पळून जातंय व्हय?"

"पळून जायचं असतं तर एवढा मांडव कशाला घातला असता?" अक्का कडाडल्या. मुहूर्ताला वीस मिनिटं उरली होती. नवरी आतल्या दारात उभी होती. मला वाटलं, संपलं. मी म्हटलं, "अक्का, चुकलं माझं. मी जाते."

"थांबा. हाय तरी काय त्ये, सांगा."

मी सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे. म्हटलं, दोन मेलेले तारे एकमेकांभोवती युगानुयुगं फिरतात, जवळ जवळ येतात आणि शेवटी एकमेकांवर आदळतात, असा आमचा अंदाज आहे. त्याचा उजेड आज सकाळी पोचला असावा. तो तोच आहे का, एवढंच बघायचंय.

"किती येळ टिकला उजेड?"

"डोळा मिटायच्याही आत गेला असेल."

"आनि तुमी किती वर्सं वाट बघायलाईसा?"

"आठ."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग जनरेटरवाल्याकडे वळून म्हणाल्या, "मग ह्या बाईचं आदी. पंखं बंद, माईक बंद. आयतु!" आयतु म्हणजे झालं, ठरलं.

"अक्का, मंगलाष्टकं?" कुणीतरी विचारलं.

लग्न लावायला आलेले जंगम स्वामी पाटावरून शांतपणे म्हणाले, "माझा आवाज माईकच्या आदीपासनं हाय."

कॉम्प्युटर सुरू झाला. फोनची वायर जोडल्यावर मोडेम जे किंचाळायला लागला, ते ऐकून बँडमधला क्लॅरोनेटवाला उठून जवळ आला. "ह्यो सूर कुठला वो?" पोरींनी पदरांनी वारा घालायला सुरुवात केली, आधी नवरीला, मग मला. पान एकेक ओळ करत उघडत होतं. बसवराजनी घड्याळ पाहिलं, कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि पळाले, मामा नवरीच्या पाठीशी उभा राहायला हवा ना. अंतरपाट धरला गेला. स्वामींचा आवाज सुटला, आणि खरं सांगते, त्या आवाजाला माइकची गरज कधीच नव्हती.

तारीख उघडली. वेळ उघडली. जागा उघडली. "सावधान" झालं. आणि पडद्यावर कालावधीची ओळ आली. सेकंदाचा पंचविसावा भाग, किंवा त्याहूनही कमी.

मी किंचाळले. नेमक्या त्याच क्षणी अक्षता पडल्या, बँड फुटला, आणि माझी किंकाळी त्यात विरून गेली. फक्त कांबळे सरांना ऐकू आली. ते माझ्या कानाशी ओरडले, "छोटा?"

"छोटा! छोटा! छोटा!"

खाली दुसरी नोंद होती. उपग्रहाने मान वळवली होती, आणि त्याच्या क्ष-किरणांच्या दुर्बिणीला तिथे एक अगदी फिकट ठिपका सापडला होता. किरणांचे जेमतेम दहा-अकरा कण, पण सापडला होता. बाजूला एक मोठी, म्हातारी दीर्घिका. छोट्या स्फोटाचा पहिला नेमका पत्ता, आणि कीबोर्डच्या फटीफटींत पिवळ्या अक्षता.

वायर काढून त्याच फोनवरून मी हिमालयात नंबर फिरवला. पलीकडे वेंकट. त्या रात्रीचं कामही त्याचंच होतं. याहून वाईट काय असणार?

"पुन्हा तू?" तो इंग्रजीत म्हणाला.

"पुन्हा मी. दीड तास हवाय."

"खात्री आहे?"

"आहे."

"मार्चमध्येही होती." मग म्हणाला, "हे मागे काय वाजतंय? कुठे आहेस तू?"

"लग्नात."

"तुझ्या?"

"नाही. कुणाच्या ते मला नीट माहीत नाही. त्यांनी पंखे बंद करून मला कॉम्प्युटर चालवू दिला. बाहेर चाळीस डिग्री असेल, वेंकट."

मग तो हसायला लागला. पहिल्यांदाच मी त्याला हसताना ऐकलं. "आकडे सांग," तो म्हणाला.

अक्कांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पंगतीत खपली गव्हाची खीर होती, तिला तिथे हुग्गी म्हणतात. वर तुपाची धार, सोबत भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि पापडासारखी कडक भाकरी. मी खीर तीनदा घेतली. नवरदेव येऊन विचारून गेला, "कॉम्प्युटर कुणाकडनं हो?" मी बसवराजकडे बोट दाखवून निसटले. त्या दिवशी उरलेला वर्ग झालाच नाही. चाळीसच्या चाळीस शिक्षक मांडवात जेवत होते.

संध्याकाळ, गडमुडशिंगी

आठ वाजले आणि इथेही लाइट गेली. एरवी मी वैतागले असते. अमावास्या आदल्याच दिवशी झालेली, आभाळ असं उतरलं होतं की गच्चीवर मान वर करताच वहिनी म्हणाल्या, "अगं बया, एवढं हुतं हितं?"

मी दाखवलं. सिंहाच्या शेपटीच्या पुढे, स्वातीच्या अलीकडे, धुरकट चांदण्यांचा झुबका म्हणजे अरुंधतीचे केस. त्याच भागात ती जागा. थोड्याच वेळात हिमालयातली दुर्बीण तिथेच बघणार होती. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, काय बघायलाईसा? कांबळे सर ओरडून सांगत होते, बघता बघता चार गच्च्या भरल्या. कोल्हापूरच्या माणसांना एवढा वेळ गप्प मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

मंगळवार, गडमुडशिंगी आणि जयसिंगपूर

सकाळी साडेसहाला सरांच्या घरचा फोन वाजला. वेंकट.

"दीड तास मागितलास. तीन तास दिले."

"आणि?"

"काही नाही. काहीही नाही. खूप खोलवर पाहिलं. त्या म्हाताऱ्या दीर्घिकेशेजारी कसलाही नवा उजेड नाही. अहवाल तू लिही, मी झोपतो."

मी फोन ठेवला आणि वहिनींना उचलून गरागरा फिरवलं.

"दिसलं व्हय?"

"काही नाही दिसलं!"

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग मी समजावून सांगितलं. अवाढव्य तारा मेला असता तर मागे काहीतरी उजेड राहिला असता, आणि जिथे नवे तारे जन्मत नाहीत अशा म्हाताऱ्या वस्तीत असा तारा सापडणंही अवघड. तिथे काहीच दिसत नाही याचा अर्थ, हे प्रकरण लांबवाल्यांहून वेगळं असावं. दोन मेलेल्या ताऱ्यांच्या टकरीचा अंदाज एका दिवसात सिद्ध होत नाही. पण आता तो वाऱ्यावर राहिला नव्हता.

नऊच्या आत अहवाल पाठवायचा म्हणून आम्ही साडेआठलाच बसवराजच्या कॅफेत हजर झालो. लाइट होती. गौराक्का लाडवांचा डबा घेऊन येऊन बसल्या होत्या. पोरगी सासरी गेली, घरात करमंना, म्हणाल्या. मी टाइप करत होते. दुर्बिणीचं नाव, वेळ, जागा, किती फिकट उजेडापर्यंत शोधलं. बसवराज खांद्यावरून वाचत होते.

"ह्या ओळीत काय लिवलंय?"

"काहीही दिसलं नाही, असं."

"आनि ह्ये साऱ्या जगाला कळवायचं?"

"हो."

त्यांनी विचार केला. "मग एवढं बारीक कशाला लिवलासा? ठळक करा की!"

या अहवालात ठळक अक्षर चालत नाही, साधा मजकूरच लागतो. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी ती एवढी ओळ इंग्रजीतल्या मोठ्या अक्षरांत पुन्हा टाइप केली. घड्याळात नऊला एक मिनिट. सर म्हणाले, "मॅडम, लाइट." अक्का म्हणाल्या, "दाबा आता!" मी दाबलं. मेल गेल्याची ओळ पडद्यावर उमटली, आणि पडदा काळा झाला. डोक्यावरचा पंखा कुरकुरत थांबला.

काळ्या पडद्याकडे बघत अक्कांनी विचारलं, "गेलं?"

"काय?" बसवराज म्हणाले. "लाइट का मेल?"

"दोन्ही!" मी ओरडले. "दोन्ही गेलं, अक्का, दोन्ही गेलं!"